जहाजाचा कार्बन मोजायचाय? आधी टाकीत टेप सोडा

जहाजाच्या धुराड्याला कुणी मीटर लावत नाही. नियमांत तशी सोय आहे, पण इंजिनरूममध्ये काढलेल्या अकरा वर्षांत मला तो एकाही जहाजावर दिसला नाही. आता किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांच्या उत्सर्जनाचे हिशेब तपासते, त्यातही कधी आला नाही. मोजतात ते तेल. तेलावरून कार्बन काढायचा आणि तो मालावर वाटायचा, एवढाच हा कारभार. मधलं गणित शाळकरी पोरालाही जमेल. घोळ होतो तो गणिताच्या अलीकडे आणि पलीकडे: तेल नक्की किती जळलं हे ठरवताना, आणि आलेल्या कार्बनला कशाने भागायचं हे ठरवताना.

म्हणून माझ्याकडे कुणी चार दशांशांपर्यंत काढलेला "प्रति टन-किलोमीटर" आकडा घेऊन आलं की मी पहिल्यांदा टाकीबद्दल विचारते. टेप कुणी सोडला होता? जहाज तेव्हा कसं बसलं होतं? बहुतेक वेळा समोरच्याला प्रश्नच कळत नाही. तो कळावा म्हणून हे लिहितेय.

एका टनाचे तीन टन

नवख्याला पहिला धक्का इथे बसतो. टाकीतलं एक टन जड तेल जळलं की धुराड्यातून तीन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वाढीव वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. जड तेलात वजनाने सुमारे ८५ टक्के कार्बन असतो, हिशेबात ०.८४९३ धरतात. कार्बनच्या १२ भागांना ऑक्सिजनचे ३२ भाग चिकटले की ४४ होतात. ०.८४९३ ला ४४ ने गुणा, १२ ने भागा, ३.११४ येतील. आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, म्हणजे आयएमओ, जड तेलासाठी हाच गुणांक देते. हलक्या फ्युएल ऑइलला ३.१५१, डिझेल आणि गॅस ऑइलला ३.२०६, एलएनजीला, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूला, २.७५०, मिथेनॉलला १.३७५.

मिथेनॉलचा आकडा पाहून हुरळून जाऊ नका. किलोभर मिथेनॉलमध्ये ऊर्जा १९.९ मेगाज्यूल, किलोभर जड तेलात ४०.५. तेवढंच काम करून घ्यायला दुपटीहून थोडं जास्त मिथेनॉल जाळावं लागतं आणि १.३७५ चे बघता बघता २.८० होतात. टनाला टन लावून इंधनांची तुलना करणारी तक्ती दिसली की ती बाजूला ठेवावी.

दुसरी फसगत नावाची. १ जानेवारी २०२० पासून जहाजी तेलातल्या गंधकाची मर्यादा ०.५० टक्के झाली आणि तेव्हापासून जो तो "व्हीएलएसएफओ", म्हणजे अतिकमी गंधकाचं तेल, म्हणतो. त्या नावावरून गंधक किती ते कळतं, तेल जड की हलकं ते कळत नाही. बंकर डिलिव्हरी नोट, म्हणजे तेल भरल्याची पुरवठादाराची पावती, काढा आणि त्यावरचा ग्रेड वाचा. आरएमजी ३८० असेल तर ३.११४ लावा, आरएमडी ८० असेल तर ३.१५१. एका फेरीत ७०० टन जळत असतील तर नुसत्या या चुकीने २६ टनांचा फरक पडतो. ही नोट जहाजावर ३ वर्षं जपून ठेवावी लागते, त्यामुळे "सापडत नाही" हे उत्तर मी ऐकून घेत नाही.

टाकी

तेल किती जळलं हे काढायची सर्वात जुनी रीत अजूनही चालते. फेरीच्या सुरुवातीला टाक्यांत किती होतं, मध्ये किती भरलं, शेवटी किती उरलं. सुरुवातीचं अधिक भरलेलं, वजा उरलेलं. हे "उरलेलं" कुणीतरी आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं असावं, एवढीच अट.

पाहतात कसं? टाकीवर साउंडिंग पाइप असतो. त्यातून पितळी ओळंबा लावलेला पोलादी टेप खाली सोडायचा, तळाला टेकल्याचा हाताला हलकासा ठोका लागतो, मग वर ओढून तेलाची रेघ कुठपर्यंत आली ते वाचायचं. थंडीत जड तेल टेपला लापशीसारखं चिकटतं आणि रेघ सापडत नाही, म्हणून अशा टाकीत उलटीकडून मोजतात: पाइपच्या तोंडापासून तेलाच्या पृष्ठभागापर्यंतची रिकामी जागा. आलेला आकडा टाकीच्या तक्त्यात घालायचा की घनमीटर मिळतात. पण त्या तक्त्याला बरेच रकाने असतात, आणि योग्य रकान्यात बोट ठेवणं हाच खरा मुद्दा.

मी फोर्थ इंजिनिअर असताना पहिल्याच जहाजावर यात आपटले. रिकामं मालवाहू जहाज बंदराला लागलं होतं, मागच्या बाजूने दोन मीटर जास्त बसलेलं. लांबी दोनशे मीटर, म्हणजे मीटरमागे एक सेंटिमीटर उतार. टाकी वीस मीटर लांब, बारा मीटर रुंद, आणि साउंडिंग पाइप नेमका टाकीच्या मागच्या टोकाला. तेल उतारावर मागे गोळा होणार आणि टेप खऱ्या सरासरीपेक्षा दहा सेंटिमीटर जास्त दाखवणार, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तरीही मी शून्य ट्रिमच्या, म्हणजे पुढे-मागे सपाट बसलेल्या जहाजाच्या, रकान्यातून आकडा उचलला, कारण तो पानावर सगळ्यात डावीकडे होता. वीस गुणिले बारा गुणिले ०.१०, चोवीस घनमीटर तेल मी हवेतून निर्माण केलं. तीन दिवसांनी माल भरून जहाज सपाट बसलं, तेव्हा आकडा आपोआप बरोबर आला. कागदावर दिसलं असं की धक्क्याला उभ्या जहाजाने तीन दिवसांत बारा टनांऐवजी चौतीस टन तेल खाल्लं.

चीफ इंजिनिअर ओरडला नाही. वही माझ्यापुढे सरकवत म्हणाला, "बाकीचे बावीस टन प्यायलीस की समुद्रात ओतलेस? समुद्रात ओतले असशील तर आत्ताच सांग, मला फोन करावे लागतील."

त्या बावीस टनांना ३.११४ ने गुणलं तर जवळजवळ ६९ टन कार्बन डायऑक्साइड होतो. कधी जळलाच नाही असा.

तर करायचं असं: साउंडिंगच्या वेळी पुढचा आणि मागचा ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बसलंय ते, वहीत टिपायचा, जहाज डावी-उजवीकडे कललेलं असेल तर तेही, आणि तक्त्यात त्या ट्रिमचा रकाना गाठायचा. दोन रकान्यांच्या मध्ये पडत असाल तर मधला आकडा काढायचा, जवळचा रकाना धरून मोकळं व्हायचं नाही.

मग तापमान. जड तेल तापवून ठेवावं लागतं, नाहीतर पंप ओढत नाही. तापलं की फुगतं. बंकर डिलिव्हरी नोटवरची घनता मात्र १५ अंश सेल्सिअसची असते. समजा टाकीत ५०० घनमीटर तेल आहे, तापमान ५० अंश, नोटवर घनता ०.९६०. सरळ गुणाकार केला तर ४८० टन. पण ५० अंशांवरच्या या तेलाला १५ अंशांवर आणलं तर ते अडीच टक्क्यांच्या आसपास आकसेल, म्हणजे खरं वजन ४६८ टनांच्या घरात. बारा टन इथे गेले. यासाठीचे दुरुस्ती तक्ते प्रत्येक जहाजावर असतात, हल्ली संगणकातही असतात. फक्त तापमान टाकीतलं घाला, इंजिनरूमच्या भिंतीवरच्या थर्मामीटरचं नको. हसू नका, हे मी पाहिलंय.

तेल भरून घेताना आणखी एक भानगड असते, जिला सगळे "कॅपुचिनो" म्हणतात. पुरवठादार तेलात हवा मारतो, फेस येतो, टेप जास्त दाखवतो, आणि रात्रीतून फेस बसला की पातळीही बसते. मापात पाप म्हणतात ते हे. यावरचा उपाय म्हणजे घनफळाऐवजी थेट वस्तुमान मोजणारा मास फ्लो मीटर. सिंगापूरने २०१७ पासून जहाजांना फ्युएल ऑइल देताना तो सक्तीचा केला. जिथे असा मीटर नसेल तिथे भरून झाल्यावर काही तास थांबून पुन्हा साउंडिंग घ्या.

जहाजावर इंजिनाकडे जाणाऱ्या नळीलाच फ्लो मीटर असेल तर उत्तमच. तरी साउंडिंग सोडू नका. दोन्ही आकडे शेजारी लिहा. ते तंतोतंत जुळले तर मला संशय येतो. दोन-एक टक्क्यांनी वेगळे आले तर बरं वाटतं, म्हणजे कुणीतरी खरंच मोजलंय.

नून रिपोर्ट वाचायची नजर

किनाऱ्यावर बसलेल्याला टाकी दिसत नाही, दिसतो तो रोज दुपारी बाराला निघणारा नून रिपोर्ट: चोवीस तासांत किती मैल, किती तेल, वारा कसा, लाट कशी. त्यावर आंधळा विश्वास टाकू नका, आणि तो फेकूनही देऊ नका.

पहिली गोष्ट, चोवीस तास म्हणजे दरवेळी चोवीस नसतात. पूर्वेला जाणारं जहाज घड्याळ पुढे करतं, त्या दिवशी दुपार ते दुपार तेवीस तासच भरतात. पश्चिमेला जाताना पंचवीस. हे विसरून रोजचा खप काढला की पूर्वेकडे जाताना इंजिन अचानक काटकसरी झाल्यासारखं दिसतं. एका कंपनीने तर मला त्याचा आलेखही दाखवला होता, "सुधारणा" असं नाव देऊन.

दुसरी, खिशातलं तेल. अनेक चीफ रोज अर्धा-एक टन जास्त जळल्याचं लिहितात आणि पाच-दहा टन गाठीला ठेवतात. वादळात खप वाढला, करारात ठरलेल्या आकड्यापलीकडे गेला, की तेवढं कमी लिहून झाकता येतं. चोरी नसते ती, भीती असते. वर्षाच्या बेरजेत हे जिरून जातं, पण एका फेरीचा कार्बन काढताना नाही. म्हणून फेरीच्या दोन्ही टोकांना प्रत्यक्ष साउंडिंग मागा, आणि नून रिपोर्टची बेरीज फक्त पडताळ्यासाठी वापरा.

तिसरी, अंतर. पाण्यातून कापलेलं आणि जमिनीच्या हिशेबाने कापलेलं अंतर, असे दोन आकडे असतात. प्रवाह सोबतीला असला की दोन्ही वेगळे पडतात. आपल्याला जमिनीच्या हिशेबाचं हवं. जहाज आपली जागा सतत कळवत असतं, त्या एआयएस संदेशांतून माग काढता येतो, तो रिपोर्टशी ताडून पाहा.

मेन इंजिनाखेरीज जनरेटर आणि बॉयलरही तेल खातात. नांगर टाकून रांगेत उभं असलेलं जहाज जराही पुढे सरकत नाही, पण दिवसाला दोन-चार टन जाळतं. हे तेल वगळलेल्या फाइली अजूनही येतात.

एकच जहाज, तीन आकडे

आता भागाकार. मोठमोठ्या कागदांवरचे वाद खरं तर इथले असतात. एक काल्पनिक फेरी घेऊ आणि सगळं उलगडून मांडू.

सुटा माल नेणारं जहाज, वजन पेलायची क्षमता ६३,००० टन. ते ३,००० सागरी मैल रिकामं जाऊन ६०,००० टन माल भरतं आणि ५,००० सागरी मैलांवर उतरवतं. वेग दोन्ही वेळा साडेबारा नॉट, म्हणजे तासाला साडेबारा सागरी मैल. रिकामी फेरी दहा दिवसांची: मेन इंजिनाला रोज २० टन जड तेल, जनरेटरला २.४ टन गॅस ऑइल. भरलेली फेरी ४०० तासांची, म्हणजे सोळा दिवस सोळा तास: मेन इंजिनाला रोज २४ टन, जनरेटरला तेच २.४. दोन्ही बंदरांत मिळून नऊ दिवस, रोज ४ टन गॅस ऑइल.

जड तेल: २०० अधिक ४००, एकूण ६०० टन. गॅस ऑइल: २४ अधिक ४० अधिक ३६, एकूण १०० टन. पहिल्याला ३.११४, दुसऱ्याला ३.२०६. येतात १,८६८ आणि ३२१, म्हणजे २,१८९ टन कार्बन डायऑक्साइड. इथपर्यंत कुणाचं भांडण नाही.

माल ६०,००० टन, तो ५,००० मैल गेला: ३० कोटी टन-मैल. २,१८९ टनांना त्याने भागलं की ७.३० ग्रॅम प्रति टन-मैल. हा ईईओआय, म्हणजे प्रत्यक्ष वाहिलेल्या मालावर काढलेला आकडा. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, तेव्हा प्रति टन-किलोमीटर ३.९४ ग्रॅम.

आता कुणी म्हणालं की रिकामी फेरी आमच्या मालाची नव्हे, ती मागच्याची. ती काढून टाका, ७०० टन कमी होतात आणि टन-मैलामागचा आकडा ७.३० वरून ४.९६ वर येतो. एक तृतीयांश कार्बन गायब, आणि समुद्रावर काहीच बदललेलं नाही.

तिसरा आकडा एईआर. यात प्रत्यक्ष माल किती होता हे विचारतच नाहीत. जहाजाची क्षमता गुणिले कापलेलं सगळं अंतर, भरलेलं असो वा रिकामं. ६३,००० गुणिले ८,००० मैल. उत्तर टन-मैलामागे ४.३४ ग्रॅम. आयएमओने २०२३ पासून जहाजांना ए ते ई अशा श्रेण्या द्यायला सुरुवात केली, त्या ज्यावरून ठरतात त्या सीआयआयमध्ये, म्हणजे कार्बन-तीव्रता निर्देशांकात, मालवाहू जहाजांसाठी हाच आकडा वापरतात. गंमत अशी की रिकामं जहाज हलकं असतं, कमी तेल खातं, आणि या सूत्रात रिकामे मैलही पुण्य म्हणून जमा होतात. रिकामं फिरणारं जहाज कागदावर गुणी ठरतं. जहाजाला श्रेणी द्यायला हा आकडा ठीक असेल. तुमच्या मालाचा कार्बन सांगायला तो घेऊ नका. जो त्यासाठी तो देतो, त्याला एकतर माहीत नसतं किंवा फार चांगलं माहीत असतं.

माझं मत विचाराल तर रिकामी फेरी मालाच्या माथी असायलाच हवी. माल नसता तर जहाज तिकडे गेलंच नसतं. मालवाहतुकीच्या हिशेबासाठी २०२३ मध्ये आलेलं आयएसओ १४०८३ हे प्रमाणकही रिकामा प्रवास धरायला सांगतं. एका फेरीत नशिबाने रिकामं अंतर कमी-जास्त असू शकतं, म्हणून वर्षभराच्या फेऱ्यांची बेरीज घेऊन भागणं जास्त न्याय्य.

पेटीचा हिशेब

कंटेनरवाल्यांना वरचं काही करता येत नाही. हजारो पेट्या, दहा-बारा बंदरं, कोण कुठे चढली कुठे उतरली याचा पत्ता जहाज कंपनीला. माल पाठवणाऱ्याने मग कंपनीकडून त्या मार्गाचा वार्षिक गुणांक मागवायचा: प्रति टीईयू-किलोमीटर किती ग्रॅम. टीईयू म्हणजे वीस फुटी एक पेटी. चाळीस फुटी पेटी म्हणजे दोन.

समजा गुणांक ६० ग्रॅम मिळाला, नकाशावरचं अंतर १८,००० किलोमीटर, पेटी चाळीस फुटी. जहाज सरळ रेषेत जात नाही, वळसे घेतं, वाटेत बंदरं करतं. म्हणून नियोजित अंतरात १५ टक्के वाढवायची रीत आहे. २०,७०० गुणिले २ गुणिले ६०, साधारण २.४८ टन. हे झालं पेटीचं. पेटीत हलक्या उशा असोत वा फरशा, आकडा तोच. वजनावर वाटायचं तर एका टीईयूमागे सरासरी १० टन धरतात, मग उशावाल्याचं ओझं उतरतं आणि फरशीवाल्याचं चढतं. दोन्ही पद्धती चालतात. एका वर्षी एक आणि पुढच्या वर्षी दुसरी वापरून "घट" दाखवणं तेवढं चालत नाही.

शीतपेटी असेल तर तिचा गुणांक वेगळा मागा. ती सगळा प्रवासभर जहाजाची वीज ओढत असते, आणि ती वीज जनरेटरच्या तेलातून येते.

अंतराबाबत एक सूचना. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि आशिया-युरोप मार्गावरची बहुतेक मोठी कंटेनर जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. एका वेळचा वळसा ३,००० सागरी मैलांहून मोठा. त्यानंतरही कितीतरी कोष्टकांत सुवेझमार्गे अंतर तसंच बसलेलं होतं. तुमचं कोष्टक अंतर कुठून उचलतं ते एकदा उघडून बघा.

विहिरीपासून धुराड्यापर्यंत

आतापर्यंत फक्त जाळतानाचा कार्बन धरला. तेल जमिनीतून काढणं, शुद्ध करणं, बंदरापर्यंत आणणं यातही तो लागतोच. युरोपच्या फ्युएलईयू नियमात जड तेलासाठी हा वरचा भार प्रति मेगाज्यूल १३.५ ग्रॅम धरलाय, गॅस ऑइलसाठी १४.४. आपल्या फेरीत त्याने सुमारे ३९० टन वाढतात. इंजिनातून निघणारा नायट्रस ऑक्साइड आणि थोडा मिथेन मिळून आणखी ३४. म्हणजे २,१८९ चे २,६१३ झाले, जवळजवळ १९ टक्के जास्त. आयएसओ १४०८३ हा पूर्ण आकडा मागतं. जहाज कंपनीचा आकडा नुसता धुराड्याचा असेल आणि ट्रकवाल्याचा पूर्ण असेल, तर त्यांची बेरीज करू नका.

एलएनजीपाशी मात्र जरा थांबायलाच हवं. टनाला २.७५ टन, आणि ऊर्जाही जास्त, ४९.१ मेगाज्यूल प्रति किलो. तेवढीच ऊर्जा जड तेलातून घ्यायची तर १.२१ टन तेल, म्हणजे ३.७८ टन कार्बन डायऑक्साइड. सरळ २७ टक्के बचत, जाहिरातीत छापायला छान. पण कमी दाबाच्या चार-स्ट्रोक इंजिनात थोडा वायू न जळताच निसटतो. फ्युएलईयू त्यासाठी ३.१ टक्के धरतं. टनामागे ३१ किलो मिथेन, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो. ८६८ किलो इथेच वाढले. न जळलेला भाग वजा करून बेरीज ३.५३ टन, बचत साडेसहा टक्क्यांवर. वायू काढण्या-थंडावण्याचा वरचा भार दोन्हीकडे घातला की एलएनजी आणि जड तेल जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभे राहतात. उच्च दाबाच्या दोन-स्ट्रोक इंजिनात मात्र ही गळती ०.२ टक्केच धरतात, तिथे बचत खरी उरते. थोडक्यात, "जहाज एलएनजीवर चालतं" या वाक्यावरून काहीही ठरवता येत नाही. इंजिन कुठल्या जातीचं, हे विचारा.

जैवइंधनासाठी एकच सांगणं: शाश्वततेचं प्रमाणपत्र हातात नसेल तर त्याला साध्या तेलासारखंच मोजा.

कुणाला कुठला आकडा द्यायचा

५,००० सकल टनेज (हे वजन नव्हे, जहाजाच्या आतल्या जागेचं माप) आणि त्यावरच्या जहाजांना आयएमओकडे वर्षाच्या तेलाचा हिशेब २०१९ पासून द्यावा लागतो. युरोपच्या बंदरांना जाणाऱ्यांना त्याआधीपासून, २०१८ पासून, फेरीगणिक. तिथे २०२४ च्या उत्सर्जनापासून पैसेही मोजावे लागतात: त्या वर्षीच्या ४० टक्क्यांवर, २०२५ च्या ७० टक्क्यांवर, २०२६ पासून पूर्ण. फेरीचं एक टोक युरोपबाहेर असेल तर निम्मा कार्बन धरतात. हे "निम्मे" आणि "४० टक्के" पैशांच्या हिशेबातले आहेत. ते चुकून कार्बनच्या पत्रकात शिरले की तुमचा माल रातोरात पाचपट स्वच्छ होतो. मी एका फाइलमध्ये हा चमत्कार घडलेला पाहिला, आणि तीन जणांनी सही करून तो पुढे पाठवला होता.

फाइल बंद करण्याआधी

एक ढोबळ पडताळा करून घ्या. इंजिनाला लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाने वाढते, म्हणून मैलामागचं तेल वेगाच्या वर्गाने. साडेबारा नॉटवरून ११ वर आलात तर मेन इंजिनाचं मैलामागचं तेल २३ टक्क्यांच्या आसपास घटायला हवं. कुणी वेगातल्या तेवढ्याच घटीवर ४० टक्के घट दाखवत असेल तर पुन्हा टाकीपाशी जा. उलट वेग घटवूनही खप हललाच नसेल, तर जहाजाचं बूड शेवाळलेलं असेल, वारा समोरून असेल, किंवा चीफच्या खिशात तेल साठत असेल.

आणि आकड्याखाली एक ओळ लिहा. माझ्या फाइलींत ती अशी असते: "२,१८९ टन कार्बन डायऑक्साइड, फक्त धुराड्यातला, रिकामी फेरी आणि बंदरातले नऊ दिवस धरून, तेल साउंडिंगने, ट्रिम आणि तापमानाची दुरुस्ती करून, अंतर प्रत्यक्ष, भागाकार वाहिलेल्या मालावर." ही ओळ लिहिताना जिथे पेन अडखळतं, तिथला कागद अजून जहाजावरून आलेला नसतो. मग मी चीफला मेल टाकते, आणि पहिल्या ओळीत विचारते की साउंडिंगच्या वेळी मागचा ड्राफ्ट किती होता.